मागं वळून बघणारं पिल्लू

आमच्या माणदेशात कुत्र्याला पूर्वापार दोनच नोकऱ्या. एक मेंढरं राखायची आणि दुसरी सशामागं पळायची. सोफ्यावर लोळून घरच्यांचं मन रमवायची तिसरी नोकरी अगदी अलीकडची, आणि तीही तालुक्याच्या गावात. वाडीवस्तीवर अजून कुणी कुत्रं आणलं की शेजारी पहिला प्रश्न विचारतो, "कशाला पाळलंय?" कशाला म्हणजे कुठल्या कामाला.

माझ्या पुतण्याला मी फोनवर हाच प्रश्न विचारला. त्याला कारवानी जातीचं पिल्लू घ्यायचं होतं आणि निवडायला मी बरोबर यावं असा हट्ट होता, कारण घरात आबांबरोबर हिंडलेला आता मीच एकटा उरलोय. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. पंचक्रोशीत त्यांना शिकारी म्हणूनच ओळखायचे. माझ्या प्रश्नावर पुतण्या म्हणाला, "कशाला म्हंजे काय काका? शिकारीला."

हे वाचणाऱ्यांत आमचे बरेच नातेवाईक आहेत, म्हणून आधीच सांगून टाकतो, आमचं भांडण वगैरे काही झालेलं नाही! पण तो एक शब्द डोक्यात घोळत राहिला. शिकारीला कायद्यानं बंदी आहे हे त्यालाही ठाऊक आहे. मग शिकारीचं कुत्रं निवडायचं आणि शिकवायचं म्हणजे आज नेमकं काय करायचं?

ज्यांनी आमचा मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. माण नदीच्या आसपासचा हा दुष्काळी पट्टा. साताऱ्याचा माण तालुका म्हणजे दहिवडी, म्हसवड, गोंदवलं, शिखर शिंगणापूर; शिवाय सांगलीचं आटपाडी, सोलापूरचं सांगोला. पावसाचं ओझं सह्याद्री पलीकडंच उतरवून घेतो, आमच्याकडं ढग हलके होऊन येतात. त्यामुळं दाट झाडी नाही. माळ, कुसळं, तरवड, मधूनच एखादी बोर नाहीतर बाभळ. नजर अडत नाही, लांबवर जाते. आणि म्हणूनच इथं नजरेनं शिकार करणारं कुत्रं रुजलं.

शिकारी कुत्र्यांचे ढोबळ दोन पंथ असतात. एक नाक जमिनीला लावून वासावर जाणारं, दुसरं मान वर करून नजरेवर पळणारं. कारवानी दुसऱ्या पंथातलं. निमुळतं तोंड, डोळे थोडे बाजूला, त्यामुळं मान न वळवता बरंच मोठं आभाळ-माळ त्याला दिसतं. छाती खोल, पोट आत ओढलेलं, पाय लांब. भरधाव पळताना एका झेपेत दोनदा त्याचे चारी पाय जमिनीपासून सुटतात, एकदा अंग ताणलेलं असताना आणि एकदा गोळा झालेलं असताना. कानांवर-शेपटीवर रेशमासारखे लांब केस असले तर त्याला पश्मी म्हणतात. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे, तिथल्या संस्थानचे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची निगुतीनं पैदास केली, म्हणून तिकडं नाव मुधोळ हाउंड. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची जी तिकिटं काढली त्यात एक मुधोळचं होतं. २०१६ मध्ये याच जातीची पिल्लं सैन्याच्या मेरठच्या केंद्रात शिकायला गेली. आमच्या वाडीत या मोठेपणाचा कुणाला पत्ता नव्हता. "कारवानी हाय" एवढंच म्हणायचे आणि मान डोलवायचे.

आता निवडीचं. आबा पिल्लू बघायला जायचे तो एक सोहळाच असायचा. आधी पिल्लांकडं बघायचेच नाहीत. पिल्लांची आई बघायचे. ती माणसावर कशी येते, भाकरी टाकल्यावर कशी खाते, अंगणातल्या कोंबड्यांकडं कशी बघते. मग बाप कुणाचा ते विचारायचे, आणि जमलं तर चार कोस चालत जाऊन त्यालाही बघून यायचे. त्यानंतर पिल्लू हातात. कमरेच्या दोन हाडांत किती बोटं बसतात, शेपूट ओढून धरली तर कुठवर पोचते, मानगूट धरून उचललं तर केकाटतं का. आणि नखं मोजायची! वीसनखी कुत्रं शूर, असा आमच्याकडं ठाम समज.

यातलं काय टिकतं आणि काय नाही, हे मी पुतण्याला सरळ सांगितलं. कुत्र्याला साधारण अठरा नखं असतात, पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार. मागं एकेक जादा नख आलं की वीस होतात. तो आनुवंशिक प्रकार आहे, शौर्याशी त्याचा संबंध नाही. उलट ते लोंबतं नख काट्याकुट्यात अडकून फाटायची भीती. मानगुटीला धरून उचलायची परीक्षा तर सोडूनच द्यावी. पण आईबाप बघायची आबांची रीत शंभर नंबरी. भित्रेपणा, चिडकेपणा पिढीतून उतरतो. बाप माहीत नसेल तर बहीणभावांतच पैदास चाललीय का हेही कळत नाही, आणि जातिवंत म्हणून मिरवणाऱ्या देशी कुत्र्यांत आज हाच मोठा धोका आहे. थोडीच कुत्री, त्यात सगळ्यांना त्याच एका पळणाऱ्या नराची पिल्लं हवीत.

वयाचंही तसंच. डोळे उघडले की पिल्लू उचलून आणायची आपल्याकडं घाई. पण आईजवळ आणि भावंडांत राहूनच पिल्लू चावा किती जोरात घ्यायचा ते शिकतं. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. दुसरीकडं स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकन संशोधकांनी १९६५ च्या पुस्तकात दाखवून दिलं की तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्यांच्यात वावरतं त्यांना ते आयुष्यभर आपलं मानतं. म्हणजे घरी आणल्यावर हातात महिनाभरच उरतो. त्या महिन्यात त्यानं शेळ्या, मेंढरं, कोंबड्या, लहान मुलं, ट्रॅक्टर, लग्नातला बँड सगळं बघून घ्यायला हवं.

पण आबांची एक परीक्षा राहिली. ती नखांच्याही नंतरची. पिल्लाला घेऊन ते उघड्यावर जायचे, खाली सोडायचे आणि काही न बोलता चालू पडायचे. मागं बघायचे नाहीत. मी बघायचो, तेच माझं काम. एखादं पिल्लू आईकडं पळायचं, एखादं भलतीकडंच हुंदडायचं. एखादं मात्र चार उड्या पुढं जायचं, थांबायचं आणि वळून माणूस कुठाय ते बघायचं. "बघतंय का रं?" आबा पाठमोरेच विचारायचे. मी "हां" म्हटलं की व्यवहार पक्का.

ही परीक्षा आबांनी सुरुवातीपासून घेतली नव्हती. त्याला एक कारण घडलं होतं. घरातल्या थोरल्यांना ते माहीत आहे, धाकट्यांनी ऐकलेलं नसेल.

आबांचं तरुणपणचं कुत्रं राजा. त्याच्या पळण्याच्या गोष्टी मी लहानपणी इतक्या ऐकल्यात की तो मला पाहिल्यासारखा वाटतो. त्या काळात ससे धरायला वाघर लावायचे. वाघर म्हणजे सुताचं जाळं. ओढ्याच्या अरुंद तोंडाशी ते आडवं ताणायचं, माणसांनी तीन बाजूंनी हाकारा करायचा, कुत्र्यांनी ससा त्या बाजूला रेटायचा. राजाला वाघर लागायची नाही, तो उघड्या माळावरच ससा गाठायचा. त्यामुळं आबांनी त्याला एकच शिकवलं. हललं की धर.

एका रात्री माळावर उतरलेल्या धनगराच्या मेंढरांना कशानं तरी बुजवलं. मेंढरं हलली. आणि राजाला जे शिकवलं होतं तेच त्यानं केलं. सकाळी तीन मेंढरं पडलेली. गंमत बघा, धनगर रात्री मेंढरं कोंडायला भोवती जे जाळं उभं करतात त्यालाही वाघरच म्हणतात. धरायला तेच जाळं, राखायला तेच. आबांनी तिन्ही मेंढरांचे पैसे भरले. त्या सालच्या कमाईतला मोठा वाटा त्यात गेला. लोक म्हणत होते, कुत्रं बिघडलं, घाला गोळी. आबा म्हणाले, "चूक त्याची न्हाई. म्या त्याला पळायला शिकिवलं, थांबायला न्हाई शिकिवलं." राजा पुढं मरेपर्यंत साखळीला राहिला. पळायला जन्मलेलं जनावर आठ वर्षं साखळीला. आबांनी त्यानंतर पाळलेल्या प्रत्येक कुत्र्याला आधी थांबायला शिकवलं.

मला वाटतं शिकारीच्या कुत्र्याबद्दल आपली समजूत इथंच चुकते. पळणं त्याच्या रक्तात असतं, ते कुणी शिकवत नाही. शिकवायचं असतं ते परत येणं. साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शाहूंचं निधन १७४९ चं, म्हणजे गोष्ट पावणेतीनशे वर्षांपूर्वीची. शिकारीत महाराजांवर वाघाचं संकट आलं तेव्हा या कुत्र्यानं सावध करून त्यांना वाचवलं, म्हणून त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला, असं सांगतात. खंड्यानं किती ससे धरले हे कुणाच्या लक्षात नाही. त्याचं ध्यान धन्याकडं होतं एवढंच लक्षात राहिलं.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. तो शहाणा आहे. म्हणाला, "काका, आपण काय मारणार न्हाई. नुसतं सशामागं पळवायचं, व्हिडिओ काढायचा. मित्रांची कुत्री हायेत, शर्यत लागती."

इथं मात्र कायदा नीट वाचायला हवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. सुरुवातीला काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने मिळत, १९९१ च्या दुरुस्तीनं तेही गेले. आणि कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, फास किंवा सापळा लावणं, हाकारणं आणि कुत्र्यानं पाठलाग करवणं, हे सगळं शिकारच, आणि नुसता प्रयत्न केला तरी शिकारच. ससा, तितर, खोकड, घोरपड सगळे त्यात येतात. म्हणजे आपल्याच हातानं काढलेला तो व्हिडिओ हा आपल्याविरुद्धचा पुरावा.

आणखी एक गोष्ट मला बोलावीशी वाटली. या कायद्याची खरी झळ आमच्यासारख्या हौशी घरांना बसली नाही. फासेपारध्यांचं पोट तितर-सशांवर होतं. इंग्रजांनी १८७१ पासून गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली अनेक भटक्या जमातींवर शिक्का मारला, त्यात पारधीही आले. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा गेला, पण संशय गेला नाही. पारध्याच्या हातात फास दिसला की चोर, आणि बागायतदाराच्या पोराच्या हातात पट्टा दिसला की शौकीन! ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांनी ते सोडायचं आणि आपण मोबाईलवर मिरवायला चालू ठेवायचं, हे मला पटत नाही. पुतण्या यावर काही बोलला नाही, पण ऐकून घेतलं.

माळाचंही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. डाळिंबाच्या बागा झाल्या, रस्ते झाले. उरलेल्या गवताळ माळावर लांडगा, खोकड, ससा दाटीवाटीनं जगताहेत. मोकाट कुत्र्यांकडून त्यांना डिस्टेंपरसारखे रोग लागतात. पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रं यांचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. व्यंकटेश माडगूळकर याच माणदेशातल्या माडगुळ्याचे. तरुणपणी ते शिकार करायचे, पुढं बंदूक बाजूला ठेवून वही-पेन्सिल घेऊन रानात बसायला लागले. माझ्या मते रानाची ओढ तीच राहिली, हातातली वस्तू तेवढी बदलली. कुत्र्याच्या बाबतीत तसं का होऊ नये?

तर शेवटी आम्ही पिल्लू आणलं. मादी आहे, बदामी रंगाची, अठरा नखं! आई बघितली, बाप बघितला, नऊ आठवडे पूर्ण होते. आबांची शेवटची परीक्षा पुतण्यानं घेतली. तो पाठमोरा चालत गेला आणि मी बघत उभा राहिलो. तिनं वळून बघितलं.

शिकवण आम्ही ठरवून आखली, ती इथं लिहून ठेवतो. कुणाला उपयोग झाला तर बरंच. लसी आधी : पार्व्हो, डिस्टेंपर वगैरेंच्या सहाव्या-आठव्या आठवड्यापासून, चार महिन्यांपर्यंत डॉक्टर सांगतील तशा, रेबीजची तीन महिन्यांनंतर. खाणं बाजरीची भाकरी आणि ताक एवढ्यावर भागवायचं नाही, वाढत्या पिल्लाला अंडं-मांस लागतंच. एक शिट्टी ठरवली. ती वाजली की घास, रोज वीस वेळा, अंगणात. मग गल्लीत, मग शेळ्यांत. दोन आठवड्यांनी तीस हात लांब दोरी बांधून माळावर. शिट्टी वाजली, ती आली, घास. आली नाही तर मारायचं नाही, ओरडायचं नाही, दोरी हळूहळू गोळा करत जवळ जायचं. मार खाल्लेलं कुत्रं यायचं शिकत नाही, लांब राहायचं शिकतं.

पळायची हौस भागवायला बांबूच्या टोकाला दोरी आणि दोरीला फडकं. आधी "थांब", मग फडकं हलवायचं, आणि "हां" म्हटल्यावरच पळायचं. थांबणं शिकवायला याहून सोपी युक्ती नाही, कारण थांबण्याचं बक्षीस पळणंच असतं. पण वर्षाची होईपर्यंत जोराचं पळवणं नाही, हाडं कोवळी असतात. आणि उन्हात तर मोठ्या कुत्र्यालाही पळवू नये. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग गार करतं. आमच्याकडच्या चैत्रात दुपारी पळवलेलं कुत्रं संध्याकाळपर्यंत राहील याची खात्री नाही.

मेंढरांचा धडा मात्र आम्ही धनगराकडं सोपवला. दर वर्षी आमच्या शेतात बसायला येतात त्यांच्यातल्या म्हाताऱ्या मामांनी तिला दोरीनं वाघरीच्या कडेला बांधून ठेवलं, तीन संध्याकाळी. मेंढरं आत, ती बाहेर. पहिल्या दिवशी ती दोरी ताणून केकाटली, तिसऱ्या दिवशी झोपून गेली. मामा म्हणाले, "आता हिला मेंढरू म्हंजे काय ते कळलं. ससा कळू देऊ नका म्हंजे झालं."

पुतण्याचे मित्र येऊन गेले. "लेका, असलं कुत्रं फडक्यामागं पळवतोस?" म्हणून हसले. त्याला ते लागलं असणार, त्या वयात लागतंच. मी काही विचारलं नाही. गेल्या आठवड्यात त्यानं आपणहून फोन केला. सकाळी माळावर तरवडातून ससा उठला, अगदी वीस पावलांवर. ती ताडकन उभी राहिली, सगळं अंग ताणलं, आणि दोरी संपेपर्यंत गेली. त्यानं शिट्टी मारली.

"मग?" मी विचारलं.

"दोनदा मारावी लागली," तो म्हणाला. "मग वळून बघितलं तिनं. पर आली न्हाई लगीच. जरा वेळ लागला."

सध्या पाच महिन्यांची आहे. दोरी अजून सोडलेली नाही, आणि एवढ्यात सोडायचीही घाई नाही, असं तोच म्हणाला.